सकाळी स्टॅट्स, दुपारी बेसबॉल, रात्री ब्लॅकजॅक: आकडे येतात म्हणून कॅसिनोत जिंकता येतं का?

प्रश्न विचारणारा मुलगा नागपूरचा, वय 23, लास वेगासला डेटा ॲनालिटिक्सचं मास्टर्स करतोय. त्याचा नेहमीचा दिवस असा: सकाळी दहाला प्रोबॅबिलिटीचा क्लास, मग डेटाबेसचा, दुपारी कॉलेजच्या बेसबॉल टीमच्या प्रॅक्टिसला जाऊन पिचरच्या (म्हणजे बॉलरच्या) एकेका बॉलची लॅपटॉपवर नोंद करायची (व्हॉलंटियर म्हणून, पैसे नाहीत), संध्याकाळी जमलं तर एव्हिएटर्स ह्या इथल्या बेसबॉल टीमची मॅच, आणि रात्री दहानंतर मित्रांबरोबर स्ट्रिपवर, म्हणजे मोठ्या कॅसिनोंच्या रस्त्यावर, 15 डॉलरच्या टेबलावर ब्लॅकजॅक (डीलरविरुद्ध पत्त्यांची बेरीज 21 च्या जवळ न्यायचा खेळ), मधेमधे फोनवर त्या दिवशीच्या बेसबॉल मॅचवर वीस-तीस डॉलर. गेल्या सेमिस्टरचा हिशेब त्याच्या मते "थोडासा प्लस", शिवाय फुकट बफे मिळतो म्हणून परवडतं. आता त्याचं म्हणणं असं की बेसबॉलमध्ये आकडेवाल्यांनी अख्खा खेळ बदलून टाकला तर तेच डोकं कॅसिनोत का चालू नये, आणि चालत नसेल तर हे सगळं सोडून द्यायचं का.

मी सावंतवाडीची. पणजीला मांडवीवरच्या बोटीत पत्ते वाटायला शिकले, लग्नानंतर इकडे आले, इथे परत डीलर स्कूल केलं, ब्लॅकजॅक, क्रॅप्स (फाशांचा खेळ), रूलेट सगळं डील केलं आणि आता बरीच वर्षं फ्लोअरवर आहे, म्हणजे चार-सहा टेबलांच्या मागे कोट घालून उभी असलेली आणि मधेच कीबोर्डवर काहीतरी टाईप करणारी ती बाई. कुठल्या कॅसिनोत ते सांगत नाही. त्यामुळे जुगार वाईट वगैरे मी सांगणार नाही, माझं घर त्यावरच चालतं.

आधी एक गोष्ट जी तू विचारलीच नाहीस आणि तीच सगळ्यात अर्जंट आहे. तू कॉलेजच्या टीमचं काम करतोस ना? मग फोनवरचं बेसबॉलचं बेटिंग आजच बंद. एनसीएएचा, म्हणजे कॉलेजच्या खेळांच्या राष्ट्रीय संस्थेचा, नियम फक्त खेळाडूंना नाहीये, ॲथलेटिक्स डिपार्टमेंटचा कोच, ट्रेनर, टीमचं काम करणारी पोरं सगळी त्यात येतात, आणि ज्या खेळाची एनसीएए चॅम्पियनशिप घेते त्या खेळावर कॉलेजच्याच काय मेजर लीगच्या (सगळ्यात वरच्या व्यावसायिक लीगच्या) मॅचवरसुद्धा बेट लावायची नाही. मी फुकट काम करतो, मी कुठे स्टाफ, हा वाद तू टीमच्या कंप्लायन्स ऑफिसात जाऊन घाल, पण त्यांचं उत्तर येईपर्यंत ॲप उघडू नकोस. आणि बेट न लावताही तू अडकू शकतोस हे तुझ्या लक्षात आलेलं दिसत नाही. शुक्रवारी कोण पिच करणार, कोणाची पाठ धरलीय, कोणाचा फास्टबॉल दोन मैलांनी उतरलाय, हे सगळं तुझ्या लॅपटॉपवर असतं आणि त्याला बाहेर भाव आहे. 2023 च्या एप्रिलमध्ये अलाबामा विरुद्ध एलएसयू अशी कॉलेज बेसबॉलची मॅच होती, अलाबामाचा ठरलेला पिचर खेळणार नाही ही आतली बातमी त्यांच्या कोचनेच बाहेर एकाला दिली, त्या माणसाने पार सिनसिनाटीच्या स्टेडियममधल्या बेटिंग काउंटरवर जाऊन एलएसयूवर मोठी रक्कम लावायचा प्रयत्न केला, काउंटरवाल्याला संशय आला, आणि आठवड्याभरात कोचची नोकरी गेली, पुढे एनसीएएने त्याच्या कॉलेज कोचिंगवर 15 वर्षांचे निर्बंध घातले ते वेगळे. तिथे कोणी मॅच फिक्स केली नव्हती, एक बातमी बाहेर गेली होती बस. तेव्हा ब्लॅकजॅकच्या टेबलावर शेजारच्याला बोलण्याच्या ओघात "अरे आमचा शनिवारचा पिचर बसणारे" असं म्हणणं पण बंद, टेबलावर शेजारी कोण बसलाय ते तुला माहीत नसतं आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा आम्हालाही नसतं.

बेसबॉल ह्या बाबतीत फार कडक आहे, आणि त्याला कारण आहे. 1919 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये शिकागो व्हाइट सॉक्सच्या आठ खेळाडूंवर पैसे घेऊन हरल्याचा ठपका आला, 1921 मध्ये कोर्टाने सोडलं तरी कमिशनर लँडिसने आठही जणांना जन्मभर बाहेर ठेवलं. पीट रोझ, 4,256 हिट्सवाला, इतिहासात सगळ्यात जास्त, 1989 मध्ये बंदी आली ती तो 2024 ला गेला तेव्हाही उठलेली नव्हती, 2025 मध्ये मेल्यानंतर उठली. आणि बेसबॉलमधला जपानी स्टार ओहतानी, त्याच्या इंटरप्रिटरचं तर ताजंच आहे, बेटिंगची देणी फेडायला मालकाच्या खात्यातून जवळपास 1 कोटी 70 लाख डॉलर उचलले आणि 2025 मध्ये पावणेपाच वर्षांची शिक्षा झाली. तो माणूस काही मूर्ख नव्हता रे.

बरं, आता तुझा मूळ मुद्दा. बेसबॉलमध्ये आकडे चालले हे खरंच आहे, पण कशामुळे चालले ते नीट बघ. 2002 साली ओकलंड ए'जचा पगाराचा खर्च साधारण 4 कोटी डॉलर, न्यूयॉर्क यांकीजचा त्याच्या तिप्पट, आणि सीझन संपला तेव्हा दोघांचे विजय सारखेच, 103. त्यात ओकलंडने सलग 20 मॅच मारल्या. त्यांचा जनरल मॅनेजर बिली बीनने केलं काय, तर बाकीच्या टीम बॅटिंग ॲव्हरेजवर आणि दिसायला रुबाबदार पोरांवर पैसे ओतत होत्या, शांतपणे चार वाईड सोडून वॉक घेऊन पहिल्या बेसवर जाऊन उभा राहणाऱ्याला कोणी विचारत नव्हतं, ह्याने असली माणसं स्वस्तात उचलली. म्हणजे बाजारात एका मालाचा भाव चुकलेला होता. बिल जेम्ससारखी माणसं हे बीनच्या कितीतरी आधीपासून ओरडून सांगत होती, टीमवाल्यांनी ऐकलं नव्हतं इतकंच. आणि दुसरी गोष्ट म्हणजे हा छोटासा फायदा बाहेर दिसायला 162 मॅचेस मिळाल्या. प्लेऑफला पाच मॅचची सिरीज आली तर मिनेसोटाने त्यांना घरी पाठवलं.

बेसबॉल हा फार गोंधळाचा खेळ आहे, क्रिकेटवाल्यांना हे पचायला वेळ लागतो. 2024 ची व्हाइट सॉक्स टीम, 121 हार, आधुनिक काळातल्या एका सीझनमधल्या सगळ्यात जास्त, तीसुद्धा 41 मॅच जिंकली! दहात तीन वेळा हिट मारणारा, म्हणजे .300 वाला बॅटर चांगला आणि .250 वाला सोसो, पण एका संध्याकाळी बॅटिंग मिळते चार वेळा, चार वेळात कोण कुठला हे ब्रह्मदेवाच्या बापालाही कळणार नाही. म्हणून चुकलेला भाव पाहिजे आणि लांब सीझन पाहिजे, दोन्ही हातात असतील तर आकडे पैसे देतात. कॅसिनोत भाव चुकत नाही, तो टेबलाच्या हिरव्या कापडावर छापलेलाच असतो. लांब सीझन असतो, पण तो आमचा असतो, तू येतोस फक्त चार बॅटिंगपुरता.

आता ते कापड वाच. तू म्हणालास 15 डॉलरचं टेबल, मित्रांबरोबर, स्ट्रिपवर, रात्री. म्हणजे नव्वद टक्के ते 6 ला 5 वालं टेबल असणार. जुना नियम असा की दोन पत्त्यांत 21 आलं, एक्का आणि दश्शी किंवा चित्र, ह्यालाच ब्लॅकजॅक म्हणतात, की 3 ला 2 मिळतात, 15 वर साडेबावीस. 6 ला 5 च्या टेबलावर मिळतात 18. साडेचार डॉलर कमी, पोरं म्हणतात जाऊदे. तासाला साधारण 70 हात होतात, ब्लॅकजॅक साधारण 21 हातांत एकदा येतं, म्हणजे तासाला तीन-सव्वातीन वेळा साडेचार डॉलर, मिळून 15 च्या आसपास. दर तासाला एक आख्खी बेट तू न खेळताच आम्हाला देतोस. चांगल्या नियमांच्या 3 ला 2 टेबलावर बेसिक स्ट्रॅटेजी (कुठल्या पत्त्यांवर काय करायचं ह्याचा ठरलेला तक्ता) तोंडपाठ असलेल्यावर हाऊसची धार, म्हणजे लावलेल्या पैशातला सरासरी कॅसिनोकडे राहणारा हिस्सा, अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते, 6 ला 5 ने ती दोन टक्क्यांच्या आसपास जाते. आणि ते नुसतं बेसिक स्ट्रॅटेजीवाल्याचं. डीलरचा सहा दिसत असताना 12 वर पत्ता मागणारे, दहाच्या दोन दश्श्या स्प्लिट करणारे, "आज फीलिंग येतंय" म्हणून इन्शुरन्स घेणारे, ह्यांचं गणित मी मांडत नाही, त्यांनीच आमचं लाइट बिल भरायचं असतं.

तर धर दोन टक्के. 15 डॉलर, तासाला 70 हात, म्हणजे तासाला 1,050 डॉलर टेबलावर फिरतात. तुझ्या खिशात दोनशेच असले तरी फिरतात तेच पुन्हा पुन्हा. दोन टक्के म्हणजे तासाला 21 डॉलर, चार तास बसलास तर 84. हा झाला सरासरी तोटा, आणि 84 डॉलर बघून तू म्हणशील इतकंच? ह्यात खरी गोम पुढे आहे आणि ती तुझ्या क्लासमध्ये शिकवलेलीच आहे. ब्लॅकजॅकच्या एका हाताचं स्टँडर्ड डेव्हिएशन साधारण 1.15 बेट. चार तासांचे 280 हात, त्याचं वर्गमूळ पावणेसतराच्या आसपास, गुणिले 1.15, गुणिले 15, म्हणजे 289 डॉलर. सरासरी उणे 84 आणि वरखाली 289. नॉर्मल टेबल काढून बघ, दहातल्या जवळपास चार रात्री तू जिंकून घरी जाणार. चार! काहीही न करता, निव्वळ गोंधळामुळे. आणि माणसाचं मन असं की त्या चार रात्री "माझा अभ्यास" आणि उरलेल्या सहा रात्री "डीलर बेकार होती".

आता दर आठवड्याला एक रात्र धर, शैक्षणिक वर्षात 40 रात्री. सरासरी तोटा 40 पट, 3,360 डॉलर. डेव्हिएशन मात्र 40 पट होत नाही, 40 च्या वर्गमुळाने वाढतं, साधारण सव्वासहा पट, म्हणजे 1,830 च्या आसपास. आता बघ, प्लसमध्ये राहायची शक्यता शंभरात तीन-चार. एका रात्री चाळीस टक्के पोरं खूश, आणि वर्षाच्या शेवटी त्याच शंभरातले तीन-चार. बाकीच्यांचे सरासरी तीन लाख रुपये गेले, आणि ते एज्युकेशन लोनवरचे असतील तर वर बँकेचं व्याज. तुझी "थोडासा प्लस" सेमिस्टर खोटी आहे असं मी म्हणत नाही, असू शकते, वीस रात्रींमध्ये प्लस राहणारे शंभरात दहाएक निघतात. फक्त त्यात एटीएमची आठ-दहा डॉलर फी, उबर, डीलरला दिलेल्या टिपा (त्या देत जा, आमच्या डीलरांचं पोट त्यावरच आहे) आणि क्रेडिट कार्डावर रात्री दीड वाजता काढलेल्या कॅशचं पहिल्या दिवसापासून चढणारं व्याज धरलंय का तेवढं तपास.

रूलेटला जास्त वेळ देत नाही. अमेरिकन चाकात 38 खाने, धार 5.26 टक्के, स्ट्रिपवर आता तीन शून्यांचं चाक पण मिळतं, त्यात 7.69, आणि माणसं तिथेही हसत हसत उभी असतात. हरलं की डबल करायचं ही "सिस्टिम" दर सेमिस्टरला कोणीतरी नव्याने शोधून काढतं: 15, 30, 60, 120, 240, 480, सहा वेळा लाल आलं नाही की 945 डॉलर गेले आणि पुढची बेट 960, जी बऱ्याच साध्या टेबलांची लिमिट घेतच नाही. सलग सहा वेळा हरायची शक्यता दोन टक्क्यांच्या थोडी वर. "सहा वेळा काळं आलं आता लाल येणारच" हे तर बोलूच नकोस, 1913 मध्ये मॉन्टे कार्लोला सलग 26 वेळा काळं आलं होतं आणि लोक लाल-लाल करत कफल्लक झाले. समोरचा बोर्ड, ज्यावर मागचे वीस आकडे लखलखत दाखवतात, तो आम्ही स्वतःच्या खर्चाने का लावला असेल ह्याचा विचार कर. स्लॉट मशीनबद्दल एवढंच की नेवाडाच्या नियमात किमान परतावा 75 टक्के आहे, बहुतेक मशीन त्याच्या बऱ्याच वर असतात, पण तुझ्या मशीनचा आकडा किती हे तुला कुठे लिहिलेलं सापडणार नाही.

कार्ड काउंटिंग तू विचारणार हे माहीतच होतं. चालतं. एडवर्ड थॉर्प नावाच्या गणिताच्या प्राध्यापकाने 1962 च्या पुस्तकात मांडून दाखवलं, आधी एमआयटीत असताना आयबीएम 704 वर हिशेब करून. लहान पत्ते गेले की अधिक एक, दश्श्या, चित्रं आणि एक्के गेले की उणे एक, बेरीज वर गेली की उरलेल्यात मोठे पत्ते जास्त, तेव्हा बेट वाढवायची, एवढं साधं आहे. आणि बेकायदा पण नाही, डोक्यात गणित करणं नेवाडात गुन्हा नाही, फोन किंवा दुसरं यंत्र वापरलंस तर मात्र सरळ फेलनी (गंभीर गुन्हा), त्याच्या जवळपास जाऊ नकोस. पण व्यवहारात काय होतं ते ऐक. 6 ला 5 च्या टेबलावर काउंट करून हाती फारसं काही लागत नाही. सतत पिसणारं मशीन असेल तर काउंट करायला काही उरतच नाही. चांगलं 3 ला 2 चं शू (अनेक जोड पत्त्यांचा डबा) मिळालं तर उत्तम काउंटरला फायदा साधारण एक टक्का, आणि तो वसूल करायला 15 ची बेट संधी आली की 150 करावी लागते, आणि ती उडी कशी दिसते माहितीये? मी टेबलामागून जाते, तासभर 15-15 लावणारा चष्मेवाला पोरगा अचानक मित्राशी बोलणं थांबवतो, ड्रिंकला हात लावत नाही, नजर टाकून दिलेल्या पत्त्यांच्या ट्रेवर जाते आणि हिरव्या चिपांची थप्पी पुढे सरकते. मी फोन उचलते. वर सर्व्हेलन्समधला माणूस तुझे दोन शू मागे जाऊन मोजतो, बरोबर काउंट करणारा असेल तर दहा मिनिटांत मी येऊन गोड आवाजात सांगते की सर, क्रॅप्स खेळा, रूलेट खेळा, ब्लॅकजॅक आमच्याकडे आता नको. न्यू जर्सीत 1982 च्या केन उस्टनच्या केसनंतर असं हाकलता येत नाही, इथे येतं. आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा वरून फोन येतो की राहू दे, चुकतोय, खेळू दे त्याला.

आता कीबोर्डवर मी काय टाईप करते ते. तू नोटा आणून थेट डीलरच्या हातात द्यायला जातोस, ती घेत नाही, कापडावर ठेवायला लावते, मग एकेक नोट उलगडून कॅमेऱ्याला दिसेल अशी पसरते, रक्कम मोठ्याने म्हणते, तेव्हाच मी मान हलवते, आणि तुझं प्लेयर्स कार्ड माझ्याकडे येतं. मी लिहिते: बसायची वेळ, सरासरी बेट, खेळाचा वेग. 15 गुणिले 70 गुणिले तास गुणिले धार, हा तुझा "थिओ", म्हणजे तू किती हरायला पाहिजेस तो आकडा. तू त्या रात्री खरंच जिंकलास की हरलास ह्याच्याशी फुकट बफेचा फारसा संबंध नसतो, त्या थिओतला काही भाग तुला जेवण, खोली, टी-शर्ट म्हणून परत दिला जातो. आवळा देऊन कोहळा काढायचा, फक्त कोहळ्याचं वजन आधीच कॉम्प्युटरमध्ये लिहून. "फुकट बफे मिळतो म्हणून परवडतं" असं तू म्हणालास म्हणून हे सांगितलं.

बेसबॉलवरच्या बेटचं एकदा बघ (टीमचं काम सोडल्यावरच लावायची, आत्ता नाही). इथे तुझा "चुकलेला भाव" सापडू शकतो, हे मी मान्य करते, हाच एक कोपरा आहे जिथे आकडेवाल्याला जागा आहे. पण तिथे भाव कसा लावतात बघ. एक टीम उणे 150, दुसरी अधिक 130. उणे 150 म्हणजे 100 जिंकायला 150 लावा, म्हणजे जिंकायची शक्यता 60 टक्के धरलीय. अधिक 130 म्हणजे 100 लावून 130 जिंका, शक्यता 43.5 टक्के. बेरीज 103.5. दोन टीमच्या शक्यता मिळून शंभराच्या वर कशा गेल्या? तो वरचा साडेतीन टक्के आमचा. म्हणजे तुझं मॉडेल बाजारापेक्षा नुसतं बरोबर असून भागत नाही, हे कमिशन खाऊन वर उरेल इतकं बरोबर असायला पाहिजे, आणि समोर तुझ्यासारखा एकटा विद्यार्थी नसतो, पिचर, वारा, अंपायर, गुडघे सगळं मोजणाऱ्या टीम असतात. तरीही जमलं, सहा महिने जमलं, तर काही ठिकाणी तुझी लिमिटच उतरवतात. आणि पार्ले तर विसर, तीन समान मॅचचं जोडतिकीट लागलं तर न्याय्य भाव 7 ला 1, हातात 6 ला 1, धार साडेबारा टक्के, रूलेट बरं म्हणायची वेळ.

माझी खरी काळजी ब्लॅकजॅकची नाहीच, फोनची आहे. कॅसिनोत यायला तुला उठावं लागतं, गाडी काढावी लागते. नेवाडात निदान ॲप चालू करायला एकदा कॅसिनोत जाऊन ओळखपत्र दाखवावं लागतं, पण एकदा झालं की झालं, मग सकाळी दहाच्या क्लासमध्ये पूर्व किनाऱ्यावरची दुपारची मॅच सुरू होते आणि बेंचखाली अंगठा चालू. पुढचा बॉल स्ट्राइक की बॉल असल्या बेट निघाल्यात, एका मॅचमध्ये तीनशेच्या आसपास पिचेस, म्हणजे तितक्या वेळा. 2025 च्या शेवटी मेजर लीगने स्वतःच बेटिंग कंपन्यांना ह्या एकेका पिचवरच्या बेटला 200 डॉलरची मर्यादा घालायला लावली ती उगाच नाही.

मांडवीवर होते तेव्हा गिऱ्हाईक पुण्या-मुंबईचं, बेळगावचं, गुजरातचं, शुक्रवारी यायचं आणि रविवारी रात्री जायचं, हरलं तरी बस पकडून घरी. गोवेकरांना तर 2020 पासून कॅसिनोत प्रवेशच बंद. महाराष्ट्रात 1976 चा कॅसिनोचा कायदा नुसता कागदावर पडून होता तो 2023 मध्ये रद्दच केला. ह्या सगळ्यावर बरंवाईट काय म्हणायचं ते म्हण, पण अंतर नावाची एक गोष्ट होती. तुझ्या युनिव्हर्सिटीपासून स्ट्रिप दीड-दोन मैल आहे रे. जुनं ट्रॉपिकाना कॅसिनो 2024 च्या ऑक्टोबरमध्ये पाडलं त्याच जागी ओकलंड सोडलेल्या त्याच ए'जचं नवीन स्टेडियम बांधतायत, 2028 ला उघडायचं म्हणतात, मग बेसबॉल आणि कॅसिनो ह्यांच्यामध्ये फूटपाथ सुद्धा राहणार नाही.

सगळं सोडू का म्हणालास. टीमचं काम सोडू नकोस, तुझ्या दिवसातली ती सगळ्यात किमती वेळ आहे. एव्हिएटर्सची मॅच सोडू नकोस, समरलिनचं ते स्टेडियम मला फार आवडतं, आउटफिल्डच्या मागे चक्क स्विमिंग पूल आहे, आणि ट्रिपल-ए मध्ये, म्हणजे मेजरच्या एक पायरी खाली, पुढच्या वर्षी मेजरला दिसणारी पोरं जवळून बघायला मिळतात. मेजर लीगचा स्टॅटकास्टचा डेटा 2015 पासूनचा फुकट पडलाय, बॉलचा वेग, फिरकी, बॅटवरून सुटलेला कोन सगळं. तुझ्या कॉलेजच्या चार्टिंगला तो जोडून एक धड प्रोजेक्ट उभं कर, कॅसिनोतल्या बारा तासांत ते होऊन जाईल.

कॅसिनो महिन्यातून एकदा, 60-70 डॉलरचं तिकीट समजून, कॅश घेऊन, कार्ड खोलीवर ठेवून. 3 ला 2 चं टेबल शोध, डाउनटाऊनला फ्रीमाँट स्ट्रीटकडे किंवा लोकल लोकांच्या कॅसिनोत, मंगळवार-बुधवार दुपारी कमी लिमिटचं सापडतं, पण तेव्हा तुझी प्रॅक्टिस असते, म्हणून जमलं नाही तर नको खेळूस. किंवा क्रॅप्सला पास लाइनवर लाव, धार 1.41, आणि त्याच बेटच्या मागे ऑड्स (जोडीची जादा बेट) लाव, त्यावर धार शून्य, कॅसिनोत न्याय्य भावाची बेट मला तरी एवढीच माहितीये, म्हणूनच ती टेबलावर छापलेली नसते. हरल्यावर पैसे आणायला एटीएमकडे पाय वळले, किंवा घरी फोनवर आईला वेगळाच आकडा सांगितला गेला, तर मग महिन्यातून एकदा पण नाही, सरळ युनिव्हर्सिटीच्या काउन्सिलिंग सेंटरला जा, फुकट किंवा नाममात्र असतं, वेगासमध्ये त्यांना हे नवीन नाही. आमच्याकडे पण स्वतःचं नाव बंद करून घ्यायचा अर्ज असतो, लाजायचं कारण नाही, मी कितीतरी जणांना तो काढून दिलाय.

शेवटी एफ-1 (विद्यार्थी व्हिसा) वाल्यांसाठी दोन कोरड्या गोष्टी. स्लॉटवर मोठा जॅकपॉट लागला तर नॉन-रेसिडेंट माणसाचा 30 टक्के टॅक्स तिथेच कापून हातात 1042-एस फॉर्म देतात, आणि अमेरिकन माणसासारखं हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत. ब्लॅकजॅक, क्रॅप्स, रूलेट, बॅकारा ह्यांच्या जिंकलेल्यावर ती कापणी नाही. आणि विद्यार्थी असताना डीलरची पार्टटाइम नोकरी करू का असं मागे एकाने विचारलं होतं, कॅम्पसबाहेर तशी करता येत नाही, व्हिसा जाईल. ओपीटीवर (शिक्षणानंतर मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर) मात्र ह्याच गावात स्लॉट बनवणाऱ्या कंपन्या, टेस्टिंग लॅब, कॅसिनोंची ॲनालिटिक्स डिपार्टमेंट्स तुझ्यासारख्यांना घेतात, तिथे इंटरव्ह्यूला वरच्या 40 रात्रींसारखा हिशेब विचारू शकतात, तो पाठ करून जा.